ॲल्युमिनियमचे कवच

ॲल्युमिनियम गंजत नाही, अशी आपल्याकडे एक सर्वसाधारण समजूत आहे. लोखंडाचा पत्रा एक पावसाळा उघड्यावर राहिला की त्याला तांबूस पापुद्रे सुटू लागतात. शेजारीच पडलेले जर्मनचे पातेले मात्र फार तर थोडेसे काळवंडते. आपल्या भागातील पुष्कळ घरांत ॲल्युमिनियमला आजही 'जर्मन' असेच म्हणतात, हे श्रोत्यांना ठाऊक आहेच. लोखंड गंजते आणि जर्मन टिकते, हा अनुभव खोटा नाही. परंतु त्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र अर्धाच खरा आहे. ॲल्युमिनियम गंजत नाही असे नाही. ते एकदा गंजते आणि मग थांबते. ते का थांबते, कोणत्या परिस्थितीत थांबत नाही, आणि जेथे ते थांबणार नाही तेथे त्याला थांबविण्यासाठी माणसाने कोणते उपाय शोधले, याचा विचार आज करावयाचा आहे.

हा विषय बेळगाव-निपाणीच्या रहिवाशांना परका वाटण्याचे कारण नाही. बेळगाव शहराच्या उत्तरेस, यमुनापूर येथे, १९७० च्या सुमारास इंडियन ॲल्युमिनियम कंपनीने, म्हणजे ज्याला सारे 'इंडाल' म्हणून ओळखत त्या कंपनीने, आपला कारखाना सुरू केला. ही कंपनी पुढे हिंडाल्कोमध्ये विलीन झाली. आज तेथे ॲल्युमिना व त्याचे विशेष प्रकार तयार होतात. महामार्गाने निपाणीकडे निघाले असता हुक्केरी तालुक्यातील हत्तरगी गाव लागते. तेथे एक्वस समूहाची विमानांच्या सुट्या भागांची औद्योगिक वसाहत आहे. परदेशांतील मोठ्या विमान कंपन्यांसाठी लागणारे भाग तेथे कापले जातात, कातले जातात आणि त्यांच्या पृष्ठभागावर रासायनिक संस्कारही तेथेच होतात. एका टोकाला धातूची माती आणि दुसऱ्या टोकाला आकाशात जाणारा भाग, असा हा एकाच रस्त्यावरील धातूचा प्रवास आहे.

प्रथम मातीपासून आरंभ करू. कोल्हापूर जिल्ह्यातील राधानगरी व चंदगड या तालुक्यांत, सह्याद्रीच्या माथ्यावर, जांभ्या दगडाची विस्तीर्ण पठारे आहेत. त्यांना आपल्याकडे 'सडा' म्हणतात. लक्षावधी वर्षे धो धो कोसळणाऱ्या पावसाने तेथील काळ्या खडकातील विरघळण्यासारखे सारे द्रव्य धुऊन नेले. चुना गेला, सोडा गेला, वाळूचे द्रव्यही बरेचसे गेले. जे पाण्याने नेता आले नाही तेवढेच मागे उरले: लोखंडाचे भस्म आणि ॲल्युमिनियमचे जलयुक्त भस्म. ज्या ठिकाणी हे दुसरे भस्म विपुल आहे त्या दगडास बॉक्साइट म्हणतात. ही गोष्ट आपण ध्यानात ठेवावी, कारण पुढील साऱ्या विवेचनाचे बीज तिच्यात आहे. सह्याद्रीच्या पावसालाही जे द्रव्य हरले नाही, तेच द्रव्य ॲल्युमिनियमचे संरक्षण करते.

बॉक्साइट दाहक सोड्यात उकळून त्यातून शुद्ध ॲल्युमिना वेगळा काढण्याची रीत कार्ल बायर या रसायनशास्त्रज्ञाने १८८८ च्या सुमारास शोधली. त्याआधी दोनच वर्षे, १८८६ मध्ये, अमेरिकेत हॉल आणि फ्रान्समध्ये एरू या दोन तरुणांनी एकमेकांना न ओळखता, वितळलेल्या क्षारात ॲल्युमिना विरघळवून त्यातून विजेने धातू काढण्याची युक्ती साधली होती. स्थूलमानाने चार टन बॉक्साइटपासून दोन टन ॲल्युमिना आणि दोन टन ॲल्युमिनापासून एक टन धातू मिळतो; आणि प्रत्येक किलो धातूमागे सुमारे १३ ते १५ युनिट वीज खर्ची पडते. एवढी वीज कशासाठी लागते? तर ॲल्युमिनियम आणि प्राणवायू यांची घट्ट मिठी सोडविण्यासाठी. ज्यांची ताटातूट करण्यास एवढे बळ लागते, ते संधी मिळताच पुन्हा एकत्र येणार, हे उघड आहे. वस्तुतः ॲल्युमिनियम हा लोखंडापेक्षा कितीतरी अधिक चंचल धातू आहे.

मग तो टिकतो कसा? ॲल्युमिनियमचा ताजा कापलेला पृष्ठभाग हवेत येताच क्षणार्धात त्यावर भस्माचा एक थर धरतो. हा थर काही नॅनोमीटर एवढाच, म्हणजे मिलिमीटरच्या दशलक्षांश भागाच्या काही पट जाडीचा असतो. परंतु तो धातूला घट्ट चिकटून बसतो, त्यात भेगा नसतात आणि त्यातून प्राणवायू आत शिरू शकत नाही. लोखंडाच्या गंजाची गोष्ट निराळी. तो फुगतो, सैल होतो, गळून पडतो आणि खालचे नवे लोखंड उघडे करतो. घराच्या दाराशी उभा राहिलेला पहारेकरी आणि दार उघडे टाकून पळालेला पहारेकरी, एवढा या दोन थरांत फरक आहे. शिवाय ॲल्युमिनियमचा थर ओरखडला गेला तरी हवेतील प्राणवायूने तो तत्काळ पुन्हा भरून निघतो.

या पहारेकऱ्याचे शत्रू मात्र ठरलेले आहेत. आम्लतेच्या मापावर सुमारे ४ आणि ८.५ या अंकांच्या दरम्यान तो सुरक्षित असतो. त्याच्या अलीकडे तीव्र आम्ल आणि पलीकडे तीव्र अल्क, दोन्ही त्याला विरघळवितात. तंबाखू आणि चुना यांची जोडी निपाणीच्या मुलखात कोणाला सांगावयास नको. ओला चुना ॲल्युमिनियमच्या डबीत काही दिवस ठेवून पाहावा. डबी आतून खडबडीत होते आणि कालांतराने तिला बारीक छिद्रे पडतात, कारण चुन्याच्या निवळीचे माप १२ च्याही वर जाते. नव्या इमारतीच्या ॲल्युमिनियमच्या चौकटीवर गिलाव्याचे शिंतोडे उडून तसेच वाळले, तर पुढे पुसूनही न जाणारे पांढरे डाग राहतात, त्याचेही कारण हेच. जर्मनची भांडी राखेने किंवा धुण्याच्या सोड्याने घासली की काळी पडतात, कारण राख आणि सोडा हे दोन्ही अल्क आहेत. तिसरा शत्रू मीठ. मिठातील क्लोराइडचे कण थराच्या एखाद्या दुबळ्या जागी शिरतात आणि तेथे सुईने टोचल्यासारखा खड्डा पाडतात. बेळगावच्या पठारावर वर्षानुवर्षे टिकणारी वस्तू घाट उतरून गोव्याच्या किंवा रत्नागिरीच्या किनाऱ्यावर नेली असता लवकर का खराब होते, याचा उलगडा त्यावरून होतो.

येथपर्यंत शुद्ध धातूचा विचार झाला. परंतु शुद्ध ॲल्युमिनियम फार मऊ असते; त्याचे पातेले होईल, विमानाचा पंख होणार नाही. १९०६ मध्ये आल्फ्रेड विल्म या जर्मन धातुशास्त्रज्ञाला असे आढळले की, ॲल्युमिनियममध्ये थोडे तांबे व मॅग्नेशियम मिसळून ते तापवून पाण्यात विझविले आणि काही दिवस तसेच राहू दिले, तर ते आपोआप कठीण होत जाते. यातूनच ड्युरॅल्युमिन नावाचा प्रसिद्ध मिश्रधातू निघाला. याच कुळातील आजचा '२०२४' क्रमांकाचा मिश्रधातू विमानांत सर्रास वापरला जातो. त्यात सुमारे साडेचार टक्के तांबे असते. पोलादाचे वजन पाण्याच्या सुमारे ७.८ पट, तर ॲल्युमिनियमचे २.७ पट. वजन एक तृतीयांश आणि बळ मात्र साध्या पोलादाच्या तोडीचे, असा हा लाभ होता.

पण या लाभाची किंमत होती. मिश्रधातूला बळ देणारे तांबे त्यात सर्वत्र सारखे पसरलेले नसते. त्याचे सूक्ष्म कण जागोजागी साठलेले असतात. तांबे हा स्वस्थ धातू, ॲल्युमिनियम हा चंचल. दोघे एकमेकांस चिकटलेले असताना त्यांवर खारट पाण्याचा एक थेंब पडला की तेथे एक अतिसूक्ष्म विद्युत्घट तयार होतो. बॅटरीत जस्त झिजते आणि वीज मिळते. येथे ॲल्युमिनियम झिजते आणि हाती खड्डा येतो. म्हणजे ज्या कणांनी धातूला बळ दिले, तेच कण त्याच्या नाशाची केंद्रे बनतात. हलक्या मिश्रधातूंच्या क्षरणाचा सारा प्रश्न या एका विरोधात सामावलेला आहे.

हा प्रश्न किती गंभीर होऊ शकतो, याचे एक उदाहरण पुरेसे होईल. २८ एप्रिल १९८८ रोजी हवाई बेटांतील अलोहा कंपनीचे बोइंग ७३७ जातीचे एक विमान सुमारे २४,००० फूट उंचीवर असताना त्याच्या पुढील भागाचे छप्पर अचानक उडून गेले. वैमानिकांनी विलक्षण धैर्याने विमान खाली उतरविले. तरीही एका परिचारिकेचा बळी गेला आणि अनेक प्रवासी जखमी झाले. हे विमान १९ वर्षांचे होते आणि बेटाबेटांच्या दरम्यान खाऱ्या हवेत त्याने सुमारे ९०,००० उड्डाणे केली होती. चौकशीत असे निष्पन्न झाले की, पत्र्यावर पत्रा ठेवून केलेल्या सांध्याची चिकटण सुटली होती, तेथे ओलावा शिरून क्षरण झाले होते आणि रिव्हेटच्या छिद्रांपासून सूक्ष्म तडे वाढत गेले होते. देखभालीच्या तपासणीत ते ध्यानात आले नव्हते. क्षरण सांध्याच्या आत चालू होते.

आता उपायांकडे वळू. पहिला उपाय मिश्रणाचा. जेथे पराकाष्ठेचे बळ नको आहे तेथे तांबेच टाळावे. तांब्याऐवजी मॅग्नेशियम मिसळलेले, पाच हजारांच्या क्रमांकाचे मिश्रधातू समुद्रातील नावांनाही चालतात. मॅग्नेशियम व सिलिकॉन थोड्या थोड्या प्रमाणात मिसळलेले सहा हजारांच्या क्रमांकाचे मिश्रधातू खिडक्यांच्या चौकटींना योग्य ठरतात.

दुसरा उपाय उष्णतेच्या संस्काराचा. जस्त, मॅग्नेशियम आणि तांबे यांनी युक्त असा '७०७५' हा मिश्रधातू फार बलवान. परंतु सुमारे १२० अंश सेल्सियसवर मुरवून त्याचे बळ कमाल केले, तर ताणाखाली असताना तो दमट हवेत कणांच्या सीमांवरून तडकू लागतो. तोच भाग त्यानंतर आणखी वर, १६० ते १७५ अंशांच्या दरम्यान, काही तास मुरविला तर हा दोष बहुतांशी जातो. बळ मात्र १० ते १५ टक्क्यांनी घटते. अभियंत्यांनी पुष्कळ ठिकाणी हा सौदा जाणूनबुजून स्वीकारला आहे. कमाल बळ असलेला आणि अवचित तडकणारा भाग घेण्यापेक्षा किंचित कमी बळाचा पण भरवशाचा भाग घेणे, यातच शहाणपण आहे.

तिसरा उपाय मुलाम्याचा. १९२७ च्या सुमारास अमेरिकेत बलवान मिश्रधातूच्या पत्र्यावर दोन्ही अंगांनी शुद्ध ॲल्युमिनियमचा पातळ थर लाटून बसविण्याची रीत निघाली. आत बळ आणि बाहेर टिकाऊपणा, अशी ही वाटणी. या पत्र्याचे वैशिष्ट्य असे की ओरखडा आतपर्यंत गेला तरी बाहेरचा शुद्ध थर स्वतः आधी झिजतो आणि आतल्या धातूस वाचवितो. परंतु हा उपाय पत्र्यापुरता. ठोकळ्यातून कापून काढलेल्या भागाला असे पांघरूण घालता येत नाही.

तेथे चौथा उपाय कामास येतो, आणि हत्तरगीसारख्या ठिकाणी पृष्ठसंस्कारात ज्याला महत्त्वाचे स्थान आहे तो हाच: ॲनोडायझिंग, म्हणजे धनाग्रीकरण. निसर्ग जो थर काही नॅनोमीटर जाड देतो, तो विजेच्या साहाय्याने हजारो पटींनी जाड करावयाचा, एवढेच याचे तत्त्व. भाग प्रथम तेलविरहित करतात, अल्कात व आम्लात बुडवून त्याचा जुना थर काढतात आणि प्रत्येक पायरीनंतर स्वच्छ पाण्याने धुतात. नंतर त्याला विजेच्या धन टोकाशी जोडून सुमारे १५ ते २० टक्के गंधकाम्लाच्या कुंडात, २० अंशांच्या आसपास, टांगतात. प्रवाह सुरू होताच पाण्यातील प्राणवायू धातूकडे ओढला जातो आणि भस्माचा थर धातूतूनच उगवू लागतो. रंग वरून लावलेला असतो, म्हणून त्याचे पोपडे निघतात. हा थर धातूचाच रूपांतरित भाग असल्यामुळे तसा सुटत नाही. खिडक्यांच्या चौकटींसाठी तो १५ ते २५ मायक्रॉन जाड ठेवतात. आम्ल शून्य अंशाच्या जवळपास थंड ठेवून आणखी जाड व कठीण थर मिळविता येतो. आपल्या स्वयंपाकघरांत आलेली करड्या-काळ्या रंगाची कठीण भांडी याच रीतीची.

हा थर मधमाश्यांच्या पोळ्यासारखा असतो. त्यात असंख्य उभी छिद्रे राहतात. ती तशीच सोडली तर संरक्षण अपुरे. म्हणून शेवटी भाग उकळत्या, अतिशुद्ध पाण्यात ठेवतात. भस्म पाणी शोषून फुगते आणि छिद्रांची तोंडे मिटतात. या मिटलेल्या थराचे जे द्रव्य होते, त्याला खनिजशास्त्रात बोहमाइट म्हणतात, आणि बोहमाइट हा बॉक्साइटमधील घटकांपैकीच एक होय. सह्याद्रीच्या सड्यावर पावसाने जे घडविले त्याचाच एक अंश कारखान्यातील कुंडात तासाभरात घडविला जातो. यात धुण्याच्या पाण्याला आम्लाइतकेच महत्त्व आहे. त्या पाण्यात मीठ किंवा जडपणा राहिला, तर पुढे हजारो मैलांवर आणि कित्येक वर्षांनी त्याचा परिणाम दिसू शकतो. म्हणूनच अशा शाळांत नमुन्याची पट्टी मिठाच्या धुक्यात शेकडो तास ठेवून तिची परीक्षा घेतात.

याच ठिकाणी एक मानवी प्रश्न उभा राहतो. समुद्रावर उतरणाऱ्या विमानांचे ड्युरॅल्युमिन वाचविण्यासाठी १९२३ मध्ये बेंगफ आणि स्टुअर्ट या इंग्रज संशोधकांनी क्रोमिक आम्लात धनाग्रीकरण करण्याची रीत काढली. तिचा थर दोन ते पाच मायक्रॉन एवढाच, पण फार गुणकारी. सांध्यात आम्लाचा अंश राहिला तरी तो धातू खात नाही, आणि वारंवार ताण सोसण्याची भागाची शक्तीही फारशी घटत नाही. क्रोमेटयुक्त प्राथमिक रंगात तर असा गुण आहे की ओरखडा पडताच त्यातील क्रोमेट ओलाव्याबरोबर वाहत येऊन जखम बुजविते. विमानविद्येने कित्येक दशके या द्रव्यावर विश्वास टाकला. परंतु हेच षट्संयुजी क्रोमियम माणसास घातक आहे. त्याच्या फवाऱ्यात श्वास घेणाऱ्या कामगारांच्या नाकाच्या पडद्यास छिद्र पडते, कातडीवर खोल व्रण होतात आणि फुप्फुसाचा कर्करोग होऊ शकतो, हे निर्विवाद सिद्ध झाले आहे. आकाशातील प्रवासी सुरक्षित राहावा म्हणून कुंडाशी उभ्या असलेल्या कामगाराने आपले आयुष्य झिजवावे काय, असा हा प्रश्न आहे.

त्याचे उत्तर शोधण्यात गेली काही दशके खर्ची पडली आहेत. युरोपीय संघाने २१ सप्टेंबर २०१७ पासून खास परवानगीवाचून क्रोमियम ट्रायऑक्साइड वापरण्यास मनाई केली. त्याच्या जागी गंधकाम्लात टार्टारिक आम्ल मिसळून धनाग्रीकरण करण्याची रीत आता विमान उद्योगात रूढ झाली आहे. टार्टारिक आम्ल म्हणजे आपल्या चिंचेच्या आंबटपणाचे मूळ द्रव्य. रासायनिक लेपासाठी त्रिसंयुजी क्रोमियम वापरतात. ते पहिल्याच्या मानाने पुष्कळच निरुपद्रवी असते. रंगांत सीरियमसारख्या विरळ धातूंचे क्षार घालून पाहिले जात आहेत. तथापि जुन्या द्रव्याचा जखम बुजविण्याचा गुण नव्यांत पूर्णपणे उतरविणे सोपे नाही, आणि म्हणून काही ठिकाणी जुनी रीत अद्याप चालू आहे. जेथे ती चालू आहे तेथे कुंडावरील हवा ओढून घेणारे पंखे, हातमोजे, मुखपट्टी आणि सांडपाण्यातील क्रोमियम निर्विष करण्याची व्यवस्था यांत तडजोड होता कामा नये. घटप्रभेच्या खोऱ्यातील विहिरींचे पाणी आणि येथील तरुणांची फुप्फुसे यांचे मोल निर्यातीच्या आकड्यांत मोजता येणार नाही.

मॅग्नेशियम या आणखी हलक्या धातूचाही उल्लेख केला पाहिजे. त्याचे वजन पाण्याच्या अवघे १.७४ पट. परंतु त्याचे भस्म जागेस अपुरे पडते. जेवढा धातू जळतो तेवढी जागा ते भरून काढत नाही, म्हणून थर सच्छिद्र राहतो. तेथे पहिला उपाय शुद्धतेचा. लोखंड, निकेल आणि तांबे यांचे अंश टक्क्याच्या काही सहस्रांशांपर्यंत खाली आणले, आणि लोखंडाला पकडून ठेवण्यासाठी थोडे मँगेनीज घातले, तर याच धातूची मिठाच्या पाण्यातील झीज कितीतरी पटींनी कमी होते. मळ काढणे हेच येथे पहिले औषध.

उद्यमबागेतील, गोकुळ शिरगावातील किंवा एखाद्या खेड्यातील छोट्या कारखानदारास या साऱ्यातून काय घेता येईल? मोठी कुंडे त्याच्याजवळ नसतील. पण विचार त्याच्याजवळ असू शकतो. ॲल्युमिनियमच्या भागात पितळी किंवा पोलादी स्क्रू बसविताना मध्ये रबराची अगर प्लास्टिकची चकती घालावी. पाणी साचेल अशी खोबण ठेवू नये. ठेवणे भाग असेल तर खाली निचऱ्याचे छिद्र पाडावे. रंग देण्यापूर्वी पृष्ठभागावरील तेल व बोटांचे ठसे पूर्ण काढावेत. भंगारातून ओतकाम करताना तांब्याच्या तारा व लोखंडी खिळे निवडून बाजूस काढावेत; ओतलेल्या भागाचे आयुष्य पुष्कळदा या निवडीवरच ठरते. गृहिणींनी चिंचेचे सार किंवा लोणचे साध्या जर्मनच्या भांड्यात रात्रभर ठेवू नये, आणि ती भांडी राखेने न घासता सौम्य साबणाने धुवावीत.

चंदगडच्या सड्यावरून ट्रकने निघालेला दगड, यमुनापुरातील पांढरा ॲल्युमिना आणि हत्तरगीत विमानाच्या भागावर चढणारा थर, हे तिन्ही एकाच द्रव्याचे प्रकार आहेत. धातू आपल्या मूळ रूपाकडे परत जाऊ पाहतो, आणि ती ओढ कोणत्याही विद्येला नाहीशी करता येत नाही. त्या ओढीला पृष्ठभागावरील काही मायक्रॉनांत आवरून धरावे आणि आतील धातू राखावा, एवढेच शास्त्राच्या हाती आहे. ते साधण्यासाठी पाणी स्वच्छ असावे लागते, तपासणी प्रामाणिक असावी लागते आणि कुंडाशी काम करणारा माणूस निरोगी असावा लागतो. या तिन्ही गोष्टी राखण्याची जबाबदारी कारखानदारांवर आणि तपासनिसांवर आहे, तशीच ती या परिसरातील जाणत्या नागरिकांवरही आहे.